एमजीचा क्लच, उसाचा ट्रॅक्टर आणि अस्तराची धूळ

"जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच गेलाय, स्वस्तात कसा बदलायचा?" हा प्रश्न इतिहासात पीएचडी करणाऱ्याला विचारायचा नसतो, मेकॅनिकला विचारायचा असतो, हे मला मान्य आहे. पण स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रातला वाहनदुरुस्तीचा धंदा हा माझ्या संशोधनाचा विषय आहे, आणि नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, जुन्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी मात्र अजून नगरच) काम करताना लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर गाडीत फारसं नाही. ते गाडीच्या आजूबाजूला आहे. म्हणजे कुठे, ते या लेखात सांगतो. आणि शेवटी एक हिशेब मांडतो, जो बिलावर कधीच येत नाही.

आधी क्लच म्हणजे काय ते बघू

माहीत असेल त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

इंजिन सतत फिरत असतं, चाकं मात्र सिग्नलला थांबतात. दोघांना जोडणारं आणि हवं तेव्हा सोडवणारं जे काही लागतं, तो क्लच. इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाची जड चकती असते. तिला चिकटून क्लच प्लेट, आणि त्या प्लेटला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. तुम्ही पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, दाब सुटतो, आणि इंजिन व गिअरबॉक्स वेगळे होतात. पेडल सोडलं की पुन्हा जोडले जातात.

गंमत या 'पुन्हा जोडले जातात' मध्ये आहे. ते जोडणं एका क्षणात होत नाही. थोडा वेळ प्लेट घसरते, मग पकडते. त्या घसरण्यात प्लेटवरचं अस्तर झिजतं. अस्तर म्हणजे गॅरेजच्या भाषेत लायनिंग. ते संपत आलं की इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही, घाटात जळका वास येतो. मेकॅनिक म्हणतो, "क्लच स्लिप मारतोय."

म्हणजे क्लचचा सगळा संच खराब होतो असं नाही. बहुतेक वेळा संपतं ते काही मिलिमीटर जाडीचं अस्तर. स्वस्त दुरुस्तीचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

कातड्याचा जमाना

नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ मध्ये सुरू झालेलं. लोक तिथे रणगाडे बघायला जातात. पण तुम्ही गेलात तर रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपाशी जरा थांबा. ती सिल्व्हर घोस्टच्या चासीवर उभी आहे. आपण जिला श्रीमंती मोटार म्हणून ओळखतो, तिलाच पोलादी कवच चढवलेलं.

सिल्व्हर घोस्टचा क्लच आजच्यासारखा चपटा नव्हता, शंकूच्या आकाराचा होता. एक शंकू दुसऱ्या पोकळ शंकूत जाऊन बसायचा, आणि त्या काळातल्या अशा क्लचना अस्तर असायचं कातड्याचं. कातडं वाळलं की झटका देऊन पकडायचं, म्हणून त्याला तेल पाजावं लागे. तेल जास्त झालं की घसरायचं, मग त्यावर तेल शोषणारी मातीची पूड टाकत. आणि झिजलं की? नवीन कातडं कापून बसवायचं. थोडक्यात, जगातल्या सर्वांत महागड्या मोटारींपैकी एकीचा क्लच दुरुस्त करायला लागणारं मूळ कसब चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे होतं. रोल्स रॉइसने एकपदरी कोरड्या प्लेटचा क्लच स्वीकारला तो १९२५ च्या फँटममध्ये.

चपटी प्लेट आल्यावर कातडं मागे पडलं, कारण ते उष्णता सहन करत नाही. त्याची जागा कोणी घेतली, त्यासाठी थोडं इंग्लंडला जाऊ.

फ्रूडचं अस्तर

डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस उतारावर घोडागाड्यांची चाकं रोखण्यासाठी चांगलं घर्षण देणारा पदार्थ शोधत होता. १८९७ मध्ये त्याने व्यवसाय सुरू केला. 'फेरोडो' हे नाव त्याच्या आडनावातल्या अक्षरांची जुळवाजुळव करून आलं. सुरुवातीला कापडी पट्ट्या होत्या. मोटारींचा वेग वाढला तशी कापडाच्या जागी ॲस्बेस्टॉस आलं. न जळणारं, ताणाला टिकणारं, शिवाय स्वस्त. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉसचा मोठा हिस्सा असायचा.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट. हे अस्तर पोलादी प्लेटवर तांब्या-पितळेच्या रिबिटांनी बसवलेलं असायचं. रिबिट छिन्नीने किंवा ड्रिलने काढायचे, जुनं अस्तर फेकायचं, नवीन चकती ठेवायची, भोकं पाडायची, रिबिट मारायचे. यालाच आपल्याकडे 'रिलायनिंग' म्हणतात. रिबिटांची डोकी अस्तराच्या पृष्ठभागापेक्षा खोल बसली पाहिजेत, नाहीतर ती फ्लायव्हीलवर चरे पाडतात. मग प्लेट फिरवून बघायची, हेलकावे घेते का. एवढं नीट जमलं तर जुनी प्लेट पुन्हा कामाला येते.

इंग्लंडमध्येही हे काम होत होतं. पण तिथे हळूहळू संपलं आणि आपल्याकडे वाढलं. का, ते कळायला शिवडीला जावं लागेल.

दार बंद झालं तेव्हा

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारजोडणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून यायचे, गाड्या इथे जोडल्या जायच्या. स्वातंत्र्यानंतर तयार गाड्यांची आयात बंद झाली, आणि १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे भारतात टप्प्याटप्प्याने भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसती जोडणी करू नये. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. फोर्डही गेली.

उरलं कोण? मोटारींमध्ये मुख्यतः तिघं. कोलकात्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर, आणि मद्रासला स्टँडर्ड. जीपसाठी महिंद्र.

मग स्पोर्ट्स कार कुठून येणार? काही आधीच आलेल्या होत्या. एमजीच्या दोन सीटच्या उघड्या गाड्या संस्थानिकांकडे, व्यापाऱ्यांकडे, लष्करी अधिकाऱ्यांकडे होत्या. नंतरच्या काही परदेशी वकिलातीतल्या लोकांनी आणल्या आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या. गाडी आली, पण तिचे सुटे भाग आणायचे तर परवाना, परकीय चलन, आयातकर. एका क्लच प्लेटसाठी एवढं कोण करणार?

आणि इथे एक मजेशीर योगायोग घडतो. १९५५ ची एमजीए ही देखणी स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्याचं, १४८९ सीसीचं. आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये जे इंजिन बसलं ते? तेच घराणं, तेच १४८९ सीसी. लंडनच्या तरुणाची हौसेची गाडी आणि आपल्या कलेक्टरसाहेबांची पांढरी गाडी, दोघी चुलत बहिणी निघाल्या. १९६२ मध्ये आलेली एमजीबीही त्याच घराण्यातली, १७९८ सीसीची. तिकडे मद्रासमध्ये १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बनू लागली, आणि इंग्लंडमधली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार हेराल्डच्याच पायावर उभी होती.

बंद दाराने भागांची टंचाई निर्माण केली. पण त्याच दाराने रस्त्यावर तीन-चारच प्रकारच्या गाड्या ठेवल्या, आणि त्या दशकानुदशकं बदलल्या नाहीत. ॲम्बॅसिडर तर २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळे तिचे भाग गावोगावी मिळायचे. ज्या स्पोर्ट्स कारचं अशा एखाद्या सामान्य गाडीशी नातं होतं ती जगली. जिचं नव्हतं ती शेडमध्ये धूळ खात पडली.

नगरचा हात का बसला

आता परत नगरला. इथल्या हाताला अशा कामाचं वळण कसं लागलं?

पहिलं कारण छावणी. नगर हे चिलखती दलाचं आणि यांत्रिक पायदळाचं प्रशिक्षण केंद्र. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही इथेच. जिथे हजारो जवान वाहन चालवायला आणि उघडायला शिकतात, तिथे निवृत्तीनंतर गॅरेज टाकणारे निघतातच. शिवाय लष्कराने मोडीत काढलेल्या जीप लिलावात निघत. विलीज जीपचा क्लचही एकपदरी कोरड्या प्लेटचाच. तो ज्याने चार वेळा उघडलाय, त्याला एमजीचा उघडताना भीती वाटत नाही.

दुसरं कारण ऊस. लोणीला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, मग जिल्ह्यात एकामागून एक कारखाने आले. ज्यांनी हंगामात नगर जिल्ह्यातले रस्ते पाहिलेत त्यांना सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर, त्यावर डोंगराएवढा ऊस, आणि तो शेताच्या चिखलातून रस्त्यावर काढायचा. क्लचवर याहून वाईट प्रसंग नाही, कारण जड ओझं हलवताना प्लेट जास्त वेळ घसरते आणि तापते. बरं, हंगाम चालू असताना भाग येईपर्यंत आठवडाभर थांबता येत नाही. ऊस वाळतो, वजन घटतं, पैसे जातात. म्हणून आज प्लेट द्यायची आणि उद्या अस्तर बसवून न्यायची, अशी सोय लागते.

तिसरं कारण लुना. एच. के. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये नगरहून ५० सीसीची लुना बाजारात आणली. शिक्षक, दूधवाले, कॉलेजच्या मुली, सगळ्यांच्या दारात ती दिसू लागली. तिला हाताने दाबायचा क्लच नव्हता, पण क्लच होताच. वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने आपोआप पकडणारा. त्यालाही अस्तर, तेही झिजणार. शिवाय कारखान्यामुळे शहरात लेथ चालवणारे, माप घेणारे, सुटे भाग बनवणारे हात तयार झाले.

माझं म्हणणं असं आहे की एमजीच्या क्लचची किंमत या तिघांनी मिळून ठरवली. हौशी माणूस गाडी घेऊन आला तेव्हा अस्तराची चकती दुकानात होती ती ट्रॅक्टरमुळे. रिबिट मारणारा हात होता तो ट्रकमुळे. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग साफ करणारा लेथ होता तो कारखान्यामुळे. वर्षातून एखादी स्पोर्ट्स कार येणाऱ्या शहरात कोणी तिच्यासाठी दुकान मांडत नाही. ती दुसऱ्यांच्या गरजेवर स्वार होते.

मग स्वस्त म्हणजे नेमकं काय

एक तुलना करा. एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं. म्हणजे दिवस-दोन दिवसांचं काम. इंग्लंडमध्ये महाग पडते ती ही मजुरी. एकदा इंजिन काढलंच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवीन टाकणं तिथे शहाणपणाचं. जुनी प्लेट दुरुस्त करायला वेळ घालवणं परवडत नाही. आपल्याकडे उलटं. मजुरी स्वस्त आणि आयात केलेला भाग महाग, म्हणून वेळ खर्च करून भाग वाचवायचा. तांत्रिक ज्ञान तेच, पण दोन देशांत दोन वेगळी शहाणपणं.

ज्यांच्याकडे खरोखर अशी गाडी आहे त्यांच्यासाठी, जुन्या मेकॅनिकांच्या कामाच्या पद्धतीतून दिसणारा क्रम सांगतो.

आधी क्लच खरंच संपलाय का ते बघतात. पेडलचं सेटिंग बिघडलं असेल किंवा हायड्रॉलिक सिलिंडरचा रबर गेला असेल तर गिअरबॉक्स उतरवायची गरजच नाही. बी सिरीज इंजिनच्या मागच्या बाजूने तेल झिरपण्याची खोड प्रसिद्ध आहे. अस्तराला तेल लागलं असेल तर नुसती प्लेट बदलून उपयोग नाही, गळती आधी थांबवावी लागते.

मग मापं. प्लेटचा व्यास, मधल्या दात्यांची संख्या, शाफ्टची जाडी. इंजिनाचं घराणं एक आहे म्हणून भाग डोळे झाकून बसेल असं नाही. एमजीएची प्रेशर प्लेट कॉइल स्प्रिंगांची, एमजीबीची डायफ्रॅमची. म्हणून जुनी प्लेट हातात घेऊनच दुकानात जायचं, मॉडेलचं नाव सांगून नव्हे. जुळणारी नवी मिळाली तर ठीक, नाहीतर आपल्याच प्लेटला अस्तर. मधले स्प्रिंग सैल असतील किंवा दाते झिजले असतील तर मात्र अस्तर बसवणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला नवं बटण लावणं. आणि रिलीज बेअरिंग तेवढ्यात बदलून टाकायचं. त्याची बचत करून सहा महिन्यांनी पुन्हा इंजिन उतरवणारा माणूस कोणालाच स्वस्तात पडलेला नाही.

बिलावर न आलेला खर्च

इथवर ही जुगाडाची, कसबाची गोष्ट वाटली असेल. तशी ती सांगायची पद्धतही आहे. पण मी इथे थांबलो तर अर्धाच इतिहास सांगितला असं होईल.

अस्तर बसवताना भोकं पाडायची असतात, कडा घासायच्या असतात. ॲस्बेस्टॉसच्या अस्तरातून त्या वेळी जी धूळ उडते तिच्यात बारीक तंतू असतात. ते फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. हे नवीन ज्ञान नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यातली नेली केरशॉ ही कामगार १९२४ मध्ये वारली आणि तिच्या फुप्फुसांविषयी वैद्यकीय नियतकालिकात लिहून आलं. म्हणजे एमजीएचा जन्म व्हायच्या तीस वर्षं आधी.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण यावर खूप वाद आहे. गाडीत झिजलेल्या अस्तराची धूळ घर्षणाच्या उष्णतेने बरीच बदललेली असते, आणि पाश्चात्त्य देशांत ब्रेक मेकॅनिकांवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. पण ते मेकॅनिक बहुतेक करून तयार भाग बसवणारे. कोरं अस्तर कापणारा, ड्रिल करणारा, घासणारा माणूस वेगळा. त्याच्यासमोर उडते ती ताजी धूळ. म्हणजे ज्या कामामुळे आपल्याकडची दुरुस्ती स्वस्त झाली, नेमकं तेच काम जास्त धोक्याचं.

महाराष्ट्रातल्या कारखाना कामगारांबद्दल थोडी माहिती आहे. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कंपोझिट कारखान्याच्या कामगारांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १८१ जणांपैकी सुमारे २२ टक्के लोकांना ॲस्बेस्टॉसिस होता. त्याआधी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य करताना सांगितलं होतं की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं ठेवावी.

आता डोळ्यांसमोर आणा. पत्र्याचं शेड, एक मालक, एक पोरगा, बाहेर ट्रॅक्टरची रांग. तिथे ४० वर्षांची आरोग्यनोंद कोण ठेवणार? पोरगा दोन वर्षांनी दुसऱ्या गॅरेजला जातो, पुढे पुण्याला जातो. साठीत दम लागू लागला तर घरचे म्हणतात बिडीमुळे असेल, वय झालं असेल. कदाचित तसंच असेलही. पण नोंदच नसल्यामुळे यापेक्षा वेगळं काही असू शकतं का, हे विचारायची सोयही उरत नाही.

ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून ती सर्वत्र लागू झाली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर अशी सरसकट बंदी नाही. ॲस्बेस्टॉसमुक्त अस्तरं मात्र आता सहज मिळतात, आणि मूळ भाग बनवणारे बरेच उत्पादक तीच वापरतात. म्हणून अस्तर बसवून घेणार असाल तर दोन गोष्टी करा. ॲस्बेस्टॉसमुक्त अस्तर मागून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. आणि क्लचचं घर उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. गाडी तुमच्या हौसेची आहे. धूळ त्याच्या पोटापाण्याची आहे.

तुमच्याकडून एक मदत

या विषयावर काम करताना सर्वांत मोठी अडचण कागदांची. कारखान्यांचे अहवाल मिळतात, आयोगांचे मिळतात, कार क्लबांची चकचकीत छायाचित्रं मिळतात. मिळत नाही ती गॅरेजची बिलबुकं. कोणत्या महिन्यात किती प्लेटा आल्या, कोणतं अस्तर बसलं, कामाला कोण होतं, हे तिथेच लिहिलेलं असायचं. न्यायालयाने मागितलेली ती नोंद कोणी ठेवली नाही. पण कोणत्या शेडमध्ये कोणत्या वर्षी किती धूळ उडाली असेल, याचा अंदाज या बिलबुकांवरून बांधता येतो.

तुमच्या आजोबांचं, काकांचं, शेजाऱ्याचं गॅरेज किंवा रिलायनिंगचं दुकान असेल आणि माळ्यावर तेलकट वह्यांचा गठ्ठा असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत घालू नका. मला दाखवला नाहीत तरी चालेल. पण आधी एकदा त्यातली नावं वाचा, आणि ती माणसं आज कशी आहेत, त्याची चौकशी करा.